नवव्या महिन्याची चिमूट

प्रति,
माननीय आयुक्त,
एकात्मिक बालविकास सेवा योजना,
महाराष्ट्र राज्य, नवी मुंबई
यांस,



आपल्या हाती असलेल्या योजनेचा आरंभ २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरातील अवघ्या तेहतीस प्रकल्पांत प्रयोगादाखल झाला, तेव्हा तिच्या प्रवर्तकांच्या डोळ्यांपुढे कुपोषण, अतिसार, गोवर, घटसर्प असे बालकाचे प्रकट शत्रू उभे होते, आणि गेल्या अर्धशतकात अंगणवाडीने त्या शत्रूंशी जी झुंज दिली तिचे मोल कमी लेखण्याचा हेतू प्रस्तुत पत्रलेखकाच्या मनात यत्किंचितही नाही. तथापि त्या यादीत ज्याचे नाव कधी ठळकपणे चढले नाही, ज्याला मोजण्यास तागडी नाही आणि दाखविण्यास तक्ता नाही, असा एक शत्रू घरोघरच्या फडताळांतून आणि फरशीवरून उजळ माथ्याने वावरत आहे. तो म्हणजे बालकाच्या श्वासमार्गात जाऊन अडकणारा दाणा, बी, मणी किंवा खेळण्याचा तुकडा.

मी कान-नाक-घसा या शाखेत उभी हयात घालवून निवृत्त झालेला शल्यचिकित्सक आहे. हे पत्र टपालाने धाडून त्यावर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारून घेण्याऐवजी मी ते छापावयास देत आहे, याचे कारण एवढेच की यातील मागण्या आपल्यापाशी असल्या तरी यातील हकिकत आईबापांनी आणि आजीआजोबांनी वाचावी अशी आहे, आणि सरकारी दप्तरात एकदा शिरलेला कागद त्यांच्या हाती पडण्याचा संभव फारसा नसतो.

आपल्याकडे या अपघाताला दैवाचा घाला मानण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ज्याचे वेळापत्रक इतके आधी सांगता येते असा दुसरा अपघात क्वचितच सापडेल. सहाव्या महिन्याच्या सुमारास मूल हाताला लागेल ते तोंडात घालू लागते, कारण त्या वयात जगाची पारख ते मुख्यतः जिभेने आणि ओठांनीच करीत असते. नवव्या महिन्याच्या आसपास त्याला अंगठा आणि तर्जनी जुळवून चिमूट धरणे साधते; आणि एकदा ते साधले की केरसुणीतून निसटलेला, घरातल्या कोणाही मोठ्या माणसाच्या दृष्टीस न पडलेला एखादा शेंगदाणा त्याला अचूक दिसतो आणि अचूक उचलता येतो. आई ती चिमूट शेजारणीला बोलावून कौतुकाने दाखविते, आणि ते कौतुक रास्तच आहे, कारण मेंदू आणि हात यांच्या सहकार्याची ती फार मोठी मजल असते. परंतु तो शेंगदाणा भरडणारी पहिली दुधाची दाढ उगवते सामान्यतः तेराव्या ते एकोणिसाव्या महिन्यात. तिच्यामागची दुसरी दाढ येता येता दोन, कधी पावणेतीन वर्षे होतात. आणि दाढा आल्या म्हणजे चर्वणाची क्रिया तत्काळ परिपक्व झाली असेही नसते, तिला आणखी वर्ष-दीड वर्ष लागते. म्हणजे चिमटीपासून दाढेपर्यंतच्या या दीर्घ अवधीत मुलाला वस्तू उचलता येते, पुढच्या दातांनी तिचा तुकडाही तोडता येतो, फक्त तो बारीक करता येत नाही. अखंड तुकडा जिभेच्या मुळाशी जाऊन बसतो आणि हसताना, धावताना किंवा हुंदका देताना घेतलेल्या पहिल्याच खोल श्वासाबरोबर आत ओढला जातो. नवजात बालकाच्या श्वासनलिकेचा आतील व्यास जेमतेम चार-पाच मिलिमीटर असतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर तीमधून वाहणाऱ्या हवेला होणारा विरोध दुप्पट होऊन थांबत नाही, तो सोळापटीने वाढतो, हा भौतिकशास्त्राचा नियम; आणि मोठा माणूस जो अडथळा एका दणदणीत खोकल्यासरशी बाहेर फेकतो, तो फेकण्याइतके बळ त्या चिमुकल्या छातीत नसते.

या वस्तू कोणत्या, हेही आम्हा मंडळींना पाठ आहे. शेंगदाणा अग्रक्रमी, त्यामागोमाग हरभरे, फुटाणे, चिंचोके, सीताफळाच्या बिया, आजोबांच्या पानाच्या डब्यातून घरंगळलेले सुपारीचे खांड. खाद्येतर वस्तूंत तुटलेल्या मंगळसूत्राचा काळा मणी, वाळ्यातले घुंगरू, नाकातली चमकी, सेफ्टी पिन, पेनचे टोपण, आणि जत्रेतल्या खेळण्याच्या पोटातून निघालेली ती शिट्टी, जी श्वासनलिकेत गेल्यावर मुलाच्या प्रत्येक उच्छ्वासाबरोबर आतून वाजते. फुटलेल्या फुग्याचा रबरी तुकडा या सर्वांहून भयंकर, कारण तो आतल्या पोकळीचा आकार घेऊन तिला घट्ट बंद करतो आणि मागून कितीही थापट्या मारल्या तरी सहजी सुटत नाही. घड्याळातली किंवा रिमोटमधली बटणासारखी चपटी बॅटरी ही निराळीच आपत्ती आहे: ती बहुधा अन्ननलिकेत अडकते, तिथल्या ओल्या त्वचेतून विद्युत्प्रवाह वाहू लागून दाहक क्षार तयार होतो, आणि अवघ्या दोन तासांत खोल जखम होऊ शकते. तिच्याविषयी सवडीने लिहीन. येथे एवढेच की बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी सकाळची वाट पाहू नये.

एक प्रसंग थोडा तपशिलाने सांगतो. दीड वर्षाचा मुलगा भुलेखाली टेबलावर होता; गेल्या दोन-तीन आठवड्यांत त्याला न्यूमोनियाची म्हणून औषधे झाली होती, मग बालदम्याची म्हणून झाली होती, आणि एक्स-रेमध्ये डोळ्यांत भरेल असे काही नव्हते, कारण शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. दुर्बिणीची नळी उजव्या बाजूच्या मुख्य श्वासवाहिनीत उतरली तेव्हा प्रथम दिसली ती लालभडक सुजलेली श्लेष्मल त्वचा आणि तिच्यावरचा दाट पिवळा कफ. तो शोषून घेतल्यावर मागे एक फिकट, भिजून फुगलेले दल दिसले, त्याची तांबूस साल एका कडेने सुटून श्वासाबरोबर हलत होती. अशा वेळी चिमट्याचा दाब किंचित अधिक पडला तर दलाचा चुरा होऊन कण खोलवर विखुरतात, किंचित उणा पडला तर बाहेर येता येता स्वरयंत्राच्या ऐन तोंडाशी दल निसटते आणि अर्धवट बंद असलेला मार्ग पुरता बंद होतो. भूलतज्ज्ञ बाईंची नजर प्राणवायूच्या आकड्यावर खिळलेली असते आणि खोलीत कोणी मोठ्याने बोलत नाही. ते दल निघाले. गॉजच्या तुकड्यावर ठेवून मी ते बाहेर थांबलेल्या आईला दाखविले, तेव्हा त्या मुलीने प्रथम सासूच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे.

त्या दृष्टिक्षेपाचा अर्थ कळण्यासाठी या व्याधीची चाल समजून घेतली पाहिजे. दाणा आत जाताच मुलाला जोराचा ठसका लागतो, जीव कासावीस होतो, आणि काही मिनिटांत सारे शांत होते. दाणा मुख्य श्वासनलिका सोडून एखाद्या बाजूच्या शाखेत उतरलेला असतो, उरलेले फुप्फुस काम चालवून नेते, आणि घरची मंडळी ‘गिळला असेल’ म्हणून निःश्वास सोडतात. पुढच्या काही दिवसांत तो दाणा ओल शोषून फुगतो, त्यातले तेल त्वचेला चेतविते, सूज वाढते. श्वास घेताना वाहिनी किंचित रुंदावून हवा आत जाते आणि सोडताना वाहिनी आवळून हवा अडते, सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हप्रमाणे एकेरी वाहतूक सुरू होते, आणि त्या बाजूचे फुप्फुस फुगत जाते. मग ताप, कफ, घरघर. डॉक्टरांपुढे मूल येते ते या अवस्थेत, आणि त्या वेळी निदानाची किल्ली यंत्रांत फारशी नसते, ती एका प्रश्नाच्या उत्तरात असते: काही खाताना किंवा खेळताना याला अचानक ठसका लागला होता काय? हा प्रश्न डॉक्टरांनी न विचारणे हा आमच्या धंद्याचा दोष, आणि तो मी झाकू इच्छीत नाही. परंतु प्रश्न विचारूनही खरे उत्तर मिळत नाही, हा समाजाचा दोष आहे. ज्या घरात मुलाच्या प्रत्येक खरचटण्याचा जाब आईला द्यावा लागतो, जेथे ‘तुझे लक्ष कुठे होते?’ हाच पहिला उद्गार असतो, तेथली आई तो ठसका विसरते, किंवा विसरल्याचे दाखविते. आणि तिच्या मौनाचे आठवडे मुलाच्या फुप्फुसावर जमा होतात.

म्हणून माझा मुख्य आक्षेप आपल्याकडच्या जनजागृतीच्या सुरावर आहे. ‘मातांनो, सावध राहा’ अशा थाटाचे फलक लावून जबाबदारी पदराच्या गाठीला बांधून देणे सोपे आहे, आणि ते करताना आपण त्या दोषारोपातच भर घालतो, ज्याच्या भयाने हकिकत दडविली जाते. एका खोलीच्या घरात, जेथे चूल, बिछाना आणि शेंगा फोडण्याची जागा एकच, तेथे रांगत्या मुलावर अष्टौप्रहर नजर ठेवणे कोणत्याही मानवी स्त्रीला शक्य नाही. ज्या संकटाचे वय ठाऊक आहे आणि ज्याच्या वस्तूंची यादी तयार आहे, त्याच्या निवारणाचा भार अशा घराहून त्या यंत्रणेने अधिक उचलावयास हवा, जी त्या मुलाच्या ताटात काय पडावे हे ठरविते आणि जिची सेविका त्या मुलाला नावानिशी ओळखते.

यापूर्वी कोणी असे केले नाही असेही नाही. फिलाडेल्फियाचे डॉ. शेव्हेलियर जॅक्सन (१८६५–१९५८) यांनी अन्ननलिका आणि श्वासनलिका यांतून काढलेल्या २,३७४ वस्तू त्या शहराच्या म्यूटर संग्रहालयात खणाखणांतून मांडलेल्या आहेत. पिना, नाणी, बिया, बाहुल्यांचे अवयव. आमच्या शाखेतल्या कोणालाही ते खण पाहताना अभिमान वाटावा. मला मात्र त्या गृहस्थाचे दुसरे काम अधिक थोर वाटते. त्या काळी अमेरिकेतल्या घराघरांत साफसफाईसाठी दाहक क्षाराचे डबे उघडे असत आणि मुले ते साखर समजून चाखीत. जळून आवळलेल्या अन्ननलिका रुंद करता करता या शल्यचिकित्सकाच्या ध्यानी आले की आपला हात कितीही कुशल असला तरी तो नेहमी अपघातानंतरच पोहोचतो, आणि मग त्यांनी वर्षानुवर्षे कायदेमंडळाचे उंबरे झिजवून १९२७ साली अशा दाहक पदार्थांच्या डब्यांवर विषाची सूचना छापणे सक्तीचे करणारा कायदा करवून घेतला.

आता आपल्या अखत्यारीतील गोष्टींकडे येतो, आणि पहिली गोष्ट ताटातली. ज्या अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम ताजा आहार आणि न्याहारी मिळते, त्या केंद्रात धाकटी भावंडे आईच्या कडेवर बसून येतात, आणि थोरल्याच्या मुठीतले धाकट्याच्या तोंडी जाणे हा प्रेमाचा नित्यक्रम आहे. अशा ठिकाणी अखंड शेंगदाणे, फुटाणे, कडक चिक्की, न ठेचलेल्या कडधान्यांची उसळ कोणाच्या हाती पडावी याचा विचार पाककृतीच्या तक्त्यातच व्हावयास हवा. मी शेंगदाणा बंद करा म्हणत नाही. गरिबाच्या मुलाच्या ताटातून एवढे स्वस्त आणि पौष्टिक अन्न काढून घेण्याची सूचना करणारा वैद्य मूर्ख ठरेल. सुदैवाने यावरचा उपाय आपल्या आजींनी खलबत्त्यात कधीच करून ठेवला आहे. शेंगदाण्याचे कूट करावे, कुटाचा मऊ लाडू वळावा. फुटाण्यांचे पीठ करावे. मोड आलेले मूग बोटाने चिरडतील इतके शिजवावे. गाजर कच्चे देण्याऐवजी किसून किंवा वाफवून द्यावे. आदिवासी भागांत अमृत आहार योजनेतून अंडे किंवा केळे दिले जाते, त्यातले उकडलेले अंडे लहानग्यांना कुस्करून आणि किंचित ओलसर करून द्यावे, कारण कोरडा बलक घशाला चिकटतो. नाशिक-सांगलीच्या हंगामात घरोघर जाणाऱ्या द्राक्षाविषयी तर स्वतंत्र ओळ हवी. गुळगुळीत, गोल, दाबले असता किंचित दबणारे आणि नेमके घशाच्या मापाचे असे हे फळ पाच वर्षांखालील मुलाला उभे चिरून, चार फाका करूनच द्यावे. आडवे कापलेले द्राक्ष गोलच राहते. अशा आठ-दहा ओळींचे एक परिपत्रक काढावयास कोणत्याही अर्थसंकल्पीय तरतुदीची गरज नाही.

दुसरी गोष्ट खेळण्यांची. अंगणवाड्यांना मिळणाऱ्या शैक्षणिक साहित्यात ओवण्याचे मणी, छोटे ठोकळे असतात. मोठ्या मुलांच्या बोटांना वळण लावणारे हे साहित्य उत्तम, मात्र ते मोजून काढावे आणि मोजून ठेवावे. केंद्र शासनाचा खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा २०२० चा आदेश १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला आणि चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, हे स्तुत्य आहे. परंतु आठवडी बाजारातल्या ताडपत्रीवर मांडलेल्या, दहा-वीस रुपयांना मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या वस्तूंवर हे चिन्ह शोधून पाहावे, म्हणजे आदेश आणि अंमल यांतले अंतर कळून येईल. खाऊच्या पाकिटात फुकट खेळणे घालण्याची जी व्यापारी युक्ती आहे, तिच्याविषयी माझे मत सौम्य शब्दांत मांडता येणार नाही, म्हणून मी ते मांडीत नाही. अमेरिकेत लहान भागांची परीक्षा करण्यासाठी सव्वा इंच, म्हणजे ३१.७ मिलिमीटर व्यासाचे एक नळकांडे ठरविलेले आहे. त्याचा तळ तिरपा असून खोली एक इंचापासून सव्वादोन इंचांपर्यंत असते, आणि त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्यात चालत नाही. आपल्याकडे तालुक्याच्या नळसामानाच्या दुकानात सव्वा इंची पाइप मिळतो. त्याचे सव्वादोन इंचांचे तुकडे करून प्रत्येक अंगणवाडीस एकेक दिला, तर सेविकेला आणि पालकांना वस्तू तेथल्या तेथे तपासता येईल. पाइपाचे आतले माप किंचित मोठे भरेल, पण ती तफावत मुलाच्या हिताचीच आहे.

येथे बोरन्हाणाविषयी दोन शब्द लिहिणे मला भाग आहे, मग काही वाचक माझ्यावर रुष्ट झाले तरी हरकत नाही. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत काळे झबले आणि हलव्याचे दागिने घातलेले मूल पाटावर बसते, भोवती वाडीतली मुले जमतात, आणि आई किंवा आत्या त्याच्या मस्तकावरून बोरे, हरभरे, उसाचे करवे, शेंगा, चुरमुरे, रेवड्या, अलीकडे तर कागदी वेष्टनातल्या गोळ्यांचाही वर्षाव करते. मोठी मुले खाऊ लुटण्यासाठी झेपावतात, कॅमेरे पुढे सरसावतात, आणि त्या गलक्यात पाटावरचे ते नऊ-दहा महिन्यांचे मूल, ज्याला कालपरवाच चिमूट साधली आहे, मांडीवर पडलेला हरभरा उचलून तोंडात घालते. हा सोहळा मला प्रिय आहे. मुलाला ऋतूच्या पहिल्या फळांनी न्हाऊ घालण्याची ही कल्पना ज्या कोणाला सुचली त्याला काव्यदृष्टी होती यात संशय नाही. तो बंद करावा असे मी म्हणणार नाही. मस्तकावरून चुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्या ओताव्यात, बोरे-हरभऱ्यांची टोपली थोरल्या मुलांपुढे वेगळी ठेवावी, हलव्याचा हार दोरा ओढून पाहूनच गळ्यात घालावा, आणि मुलाला पाटावरून खाली सोडण्यापूर्वी बैठक झाडून घ्यावी. एवढ्याने शास्त्रही राहील आणि मूलही. अंगणवाड्यांतून हल्ली संक्रांतीला सामुदायिक बोरन्हाण होते, तेथे तरी ही पद्धत आपल्या आदेशाने रूढ व्हावी.

प्रतिबंध कितीही केला तरी एखादे वेळी दाणा जायचा तो जातोच; तेव्हा काय करावे याचे ज्ञान ही माझी तिसरी आणि सर्वांत निकडीची मागणी आहे. आज काय होते ते आपणही पाहिले असेल. मुलाला ठसका लागला की कोणी टाळूवर थापटते, कोणी फुंकर घालते, कोणी ‘वर बघ, चिमणी बघ’ म्हणून त्याचे तोंड वर करते, कोणी पाणी पाजते, कोणी भाताचा गोळा किंवा केळे देऊन अडकलेले खाली लोटू पाहते, आणि कोणी धीट काका घशात बोट घालून अर्धवट अडकलेला तुकडा पुरता ठासून बसवितो. पहिली खूणगाठ अशी बांधावी की जोवर मूल आवाज करून खोकत आहे, रडत आहे, तोवर त्याला पुढे वाकवून खोकू द्यावे आणि आपला हात आवरावा. तो खोकला हेच सर्वोत्तम औषध. आवाज बंद झाला, रडू फुटेना, ओठ काळेनिळे पडू लागले, की मात्र एक क्षणही दवडू नये, कारण प्राणवायूवाचून मेंदूला चार-सहा मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने हात चालवावा. मूल एक वर्षाच्या आतले असेल तर त्याला आपल्या हातावर पालथे घ्यावे, हनुवटीला बोटांचा आधार द्यावा, डोके छातीहून खाली ठेवावे आणि दोन्ही खवाट्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने जोराने पाच थापा द्याव्यात. तेवढ्याने न निघाल्यास उताणे करून छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, पाच वेळा दाब द्यावा, आणि वस्तू सुटेपर्यंत हा क्रम आलटून पालटून चालवावा. या वयात पोट कदापि दाबू नये, यकृतास इजा होते. वर्षावरील मुलाला पुढे वाकवून तशाच पाच थापा, आणि न साधल्यास पाठीमागून कवेत घेऊन, बेंबी आणि बरगड्या यांच्यामध्ये मूठ ठेवून आत व वर असे पाच हिसके. ही दुसरी क्रिया डॉ. हेन्री हाइमलिक यांनी १९७४ साली प्रसिद्ध केली म्हणून त्यांच्या नावाने ओळखली जाते. तोंडात वस्तू डोळ्यांना दिसत असेल तरच ती बोटाने काढावी. न दिसता चाचपडू नये. मूल गळून पडले, प्रतिसाद देईनासे झाले, तर पाठीवर ठेवून छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणे सुरू करावे आणि मदत येईपर्यंत थांबू नये.

हे सर्व कागदावरून शिकता येत नाही, हाताला सवय व्हावी लागते. आणि येथे आपले अधिकारी म्हणतील की अंगणवाडी सेविकेला हे झेपणार नाही. महाराष्ट्रात तरी हा आक्षेप घेण्याचा अधिकार कोणाला उरलेला नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत करून गुदमरलेल्या नवजात बालकाचा श्वास चालू करणे आणि न्यूमोनिया ओळखून उपचार करणे शिकविले. त्या गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचा वृत्तान्त १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढे त्याच धर्तीवर देशभरातल्या ‘आशा’ स्वयंसेविकांच्या गृहभेटी आखल्या गेल्या. ज्या हातांना ते साधले त्यांना पाठीवर पाच थापा देणे साधणार नाही, हे कोणी कोणत्या तोंडाने म्हणावे?

शिवाय वेळही ठरलेलीच आहे. लहान बालकांच्या गृहभेटींच्या २०१८ च्या कार्यक्रमानुसार आशा सेविका मूल तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांचे असता घरी जाते. नववा महिना, म्हणजे चिमटीचा महिना, तिच्या भेटीसाठी आधीच ठरून बसला आहे. सहाव्या महिन्यात आपल्या अंगणवाडीत अन्नप्राशनाचा दिवस साजरा होतो, आई नटूनथटून मुलाला घेऊन येते, आजी सोबत असते. ज्या घरातल्या माणसांना एरवी एकत्र गाठणे कठीण ती तेथे आपणहून एकत्र आलेली असतात. त्या दिवशी खीर भरविण्यापूर्वी सेविकेने बाहुली हातावर पालथी घेऊन एकदा प्रात्यक्षिक दाखवावे, आणि आजीकडूनही करून घ्यावे; विशेषतः आजीकडून, कारण सासूने स्वतः शिकलेल्या गोष्टीबद्दल सुनेला दोष देणे तिला थोडे जड जाते. आशा आरोग्य खात्याकडे आणि सेविका आपल्याकडे, ही वाटणी मंत्रालयाला ठाऊक असते. मुलाला ती ठाऊक नसते. दोन्ही खात्यांनी मिळून माता व बाल संरक्षण कार्डावर एक पान या विषयासाठी राखावे, आणि त्या पानावर ‘ठसका लागला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, तुम्हाला कोणी रागावणार नाही’ हे वाक्य मोठ्या टाइपात छापावे.

नोंदीबाबत थोडक्यात. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे, आणि मृत्यूच्या कारणांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीच्या दहाव्या आवृत्तीत अन्नाने श्वास कोंडून झालेल्या मृत्यूस डब्ल्यू-७९ आणि इतर वस्तूंनी झालेल्या मृत्यूस डब्ल्यू-८० असे स्वतंत्र संकेतांक आहेत. घरी दगावलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र ‘अचानक’ किंवा ‘श्वास लागून’ एवढ्यावर प्रकरण मिटते. बालमृत्यूच्या चौकशीच्या नमुन्यात ‘मृत्यूपूर्वी खाताना अथवा खेळताना ठसका लागला होता काय?’ हा एक प्रश्न वाढविला तर पाच वर्षांत आपल्याजवळ महाराष्ट्राचा स्वतःचा हिशेब असेल.

सेविकांच्या माथ्यावर आधीच नोंदवह्यांचा आणि मोबाइलवरील माहितीचा जो डोंगर रचलेला आहे त्याची मला जाणीव आहे, आणि या कामासाठी आणखी एक नोंदवही निर्माण झाल्यास हे पत्र लिहिल्याचा मला पश्चात्ताप होईल. अर्ध्या दिवसाचे प्रात्यक्षिक, वर्षातून एकदा उजळणी, इतकेच पुरे. शिकविण्याच्या बाहुल्या वैद्यकीय महाविद्यालयांत असतात. त्या न मिळाल्यास जाड मांजरपाटाची बाहुली शिवून तीत आठ-नऊ किलो वाळू भरावी, नवव्या-दहाव्या महिन्यातल्या मुलाचे वजन साधारण तेवढेच असते आणि हाताला खरा अंदाज येतो. मी आणि माझे काही निवृत्त सहकारी कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी स्वखर्चाने येऊन पर्यवेक्षिकांचे पहिले वर्ग घेण्यास तयार आहोत. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांनी मासिक बैठकीची तारीख आठ दिवस आधी कळवावी, आणि बाहुल्यांसाठी वाळू तेवढी तेथे जमवून ठेवावी.



आपला विश्वासू,
एक निवृत्त कान-नाक-घसा शल्यचिकित्सक